शेवटचं पेर

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

डॉक्टर नसताना एकटीने टाके घातले!  

दवाखान्यातून सुट्टी घेऊन शेतावर गेले होते. भात आडवं पडायला लागलंय, पाऊस जायचं नाव घेत नाही आणि वाडीवरची माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाणार, त्यामुळे आईच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू. वाडीवरची यमू माझ्या शेजारी कापत होती. डाव्या हातात भाताची मूठ, उजव्यात विळा — विळा सटकला आणि मुठीसकट करंगळीशेजारचं बोट कापलं. आतल्या बाजूने. रक्त भरपूर. यमू ओरडली नाही, नुसती "आगं आयो" म्हणून बांधावर बसली.

स्कूटीवर मागे बसवून मुरबाडला आमच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर कल्याणला गेलेले. हाताची जखम त्यांना दाखवल्याशिवाय शिवायची नाही, हा त्यांचा नियम. बाकी काही चालेल, हात नाही. मी फोन लावला नाही. लावला असता तर म्हणाले असते, पट्टी बांध आणि शहापूरच्या सरकारी रुग्णालयात पाठव. आणि शहापूरला पाठवलं की माझी केस गेली!

केस हवीच होती. नवी मुंबईच्या कॉलेजला फिजिशियन असिस्टंटच्या एम.एस्सी.साठी अर्ज करतेय, त्यात स्वतःच्या हाताने केलेल्या तीन केसेस लिहून द्यायच्या आहेत, फोटोसह. दोन झाल्या होत्या. तिसरीसाठी पंधरवडा झाला वाट बघतेय. म्हणजे कुणाला तरी लागावं म्हणून वाट बघतेय, असंच की.

पण नीट केलं. बधिर करायच्या आधी तिला बोट वाकवायला सांगितलं. वाकलं. जखम धुतली, टाके घातले. शिवण सरळ आली. फोटो काढला.

यमू म्हणाली, "रंजनाबाय, तुझा हात लई हलका हाय गो." ती माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी तिला यमू म्हणते आणि ती मला बाय. लहानपणापासून असंच चालू आहे, कुणी ठरवलं कोण जाणे.

११ ऑक्टोबर, शनिवार

आईला परत एकदा समजावलं. फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टर नाही, नर्सही नाही. पेशंट तपासायचा, डॉक्टरांबरोबर उपचार ठरवायचे, ऑपरेशनला मदत करायची.

"म्हंजे कंपाउंडरच ना गो?"

नाही आई.

"मंग दोन वर्सं कशाला? कंपाउंडर तं बसल्या बसल्या व्हतात."

हेतलला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून मेली. हेतल माझी नर्सिंगची मैत्रीण, त्याच कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यामुळेच हे खूळ डोक्यात शिरलं. म्हणाली, तू नक्की लागशील, फक्त निबंध रडका लिहू नकोस.

यमू आज कापणीला आली होती! पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, एका हाताने पेंढ्या उचलत होती. मी आईवर भडकले. आई म्हणते, "मी कुठं बोलावलं? तीच आली. घरी बसून काय करील?" बोलावलं नसेलही. पण घरी जा असंही म्हणाली नाही. आणि मीही पाच मिनिटं भडकून अर्ज लिहायला घरात आले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

यमूच्या बोटाचं शेवटचं पेर वाकत नाही.

पट्टी बदलायला आली होती. जखम छान, सूज कमी. सहज म्हटलं, मूठ मिट बघू. बाकीची बोटं मिटली. हेही मधल्या सांध्यात वाकलं, पण टोक सरळच. मी मधलं पेर चिमटीत धरलं आणि म्हटलं, आता नुसतं टोक वाकव. यमूने जोर लावला, मान वाकडी केली, ओठ दाबले. टोक ढिम्म.

प्रत्येक बोटात वाकवणाऱ्या दोन शिरा असतात — शिरा कसल्या, दोऱ्याच. एक मधलं पेर ओढते, दुसरी शेवटचं. ही दुसरी तुटलीय. त्या दिवशी मी बोट वाकव म्हटलं, ते मधल्या सांध्यात वाकलं आणि मी खूश झाले. टोक वेगळं तपासायचं असतं. मला माहीत होतं! परीक्षेत लिहिलंय मी हे, आकृती काढून!! हाताची जखम मला दाखवा असं डॉक्टर म्हणतात ते याच्यासाठीच. आणि मी सरळ शिवण आली म्हणून वरून कातडी शिवून मोकळी.

यमू माझ्या तोंडाकडे बघत होती. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी विचारलं, "पट्टी भिजवलीस का?"

तिचं तोंड एवढंसं झालं. "भात उचलताना पिशवी फाटली व्हती. वाईच भिजली."



भिजण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. मी एवढंच म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. वर म्हणाले, "आता तरी जप."

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचलं. हेतललाही विचारलं, "एका पेशंटचं आहे" म्हणून. दोन-तीन आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलं तर दोरी जोडता येते, ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात होईल. उशीर झाला की तुटलेलं टोक तळहाताकडे सरकतं, आखडतं, मग अवघड. म्हणजे वेळ आहे अजून.

डॉक्टरांना सांगायचं. आजच सांगणार होते. पण ओपीडी तुंबलेली.

खोटं. ओपीडी दुपारी रिकामी होती, डॉक्टर वर्तमानपत्र वाचत होते. मी दोनदा दारापर्यंत गेले. शिफारसपत्र अजून व्हायचंय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्र मिळालं. सगळे सर "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणतात. मीही तसंच गृहीत धरून स्वतःची स्तुती टाइप करून नेली होती. डॉक्टरांनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. मी नसताना माझा दवाखाना मी हिच्या भरवशावर सोडू शकतो, असं लिहिलंय त्यात.

मी ते परत परत वाचत राहिले. डॉक्टरांना वाटलं, आनंदाने.

आता सांगावं, आत्ता, पत्र परत त्यांच्या टेबलावर ठेवून. मी "थँक यू सर" म्हटलं आणि बाहेर आले. कापसाचे बोळे करत बसले, गरज नव्हती तरी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

अर्ज गेला. फोटो चार वेळा परत आला — साइज जास्त, साइज कमी, पाठीमागे पांढरा पडदा नाही. शेवटी लाइट गेली. शेवटी आली. तिसरी केस: हाताची विळ्याची जखम, डावी अनामिका. "बोटाची हालचाल तपासली" असं लिहिलंय. तपासली होतीच की. अर्धी.

१९ ऑक्टोबर, रविवार

यमूचे टाके काढले. डॉक्टर मागून जाता जाता डोकावले, "छान बसलीय जखम." ते पुढे गेले. यमूने मला विचारलं, "वाकल ना गो?"

म्हटलं, बघू. तेल लाव.

तेल लाव! वा रंजना, काय औषध दिलंस!

२२ ऑक्टोबर, पाडवा

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण इथे नाही लिहायचं तर कुठे.

यमू आणि तिचा नवरा कोंडू फराळाला आले होते, दरवर्षीसारखे. ओट्यावर बसले. आई ताटं भरत होती. कोंडू एरवी बडबड्या, आज एक शब्द नाही. चकली खाऊन उठला आणि गोठ्याकडे जाऊन उभा राहिला.

मी विचारलं, काय झालं याला?

यमू म्हणाली, "माझ्यावर राग हाय त्याचा. भट्टीवर जोडी लागते ना. त्यानी चिखल कालवायचा, मी साच्यात भरून इट पाडायची. आता माझी मूठच बसत नाय, साचा सुटतो. शेठ म्हनला, अशी जोडी मला नको, बाईला दुसऱ्या कामाला लावतो." मग माझ्या गुडघ्यावर तिचा तो हात ठेवला आणि म्हणाली, "तू इतका चांगला शिवलास, मीच बिघडवला. मला जपता नाय आला. तू रागवू नको हां."

माझी माफी मागितली तिने. माझी! माझ्याच ओट्यावर, आमच्याच करंजीचा तुकडा हातात धरून.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात आईने आतून हाक मारली, "रंजना, करंज्या अजून दे त्यांना," आणि मी उठले. बुडणाऱ्याने फेकलेला दोर पकडावा तशी उठले. ताट भरून आणलं. दोघांना डबल डबल वाढलं. यमू म्हणते, "एवढा कशाला गो बाय?"

मला स्वतःची किळस येते आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मुलाखतीला बोलावलं! सोमवार, ३ नोव्हेंबर. उडी मारली मी, आणि मग लगेच वाटलं, उडी कसली मारतेस.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

वाडीवर गेले. ठरवून गेले होते, सांगायचंच. बांबूच्या कुडापाशी कोंडू बोचकी बांधत होता. यमू भांडी घासत होती, डावा हात लांब ठेवून.

मी म्हटलं, "यमूला ठाण्याला दाखवू या. मी येते बरोबर. ऑपरेशन केलं तर बोट चांगलं होईल."

कोंडू म्हणाला, "परवा गाडी येनार हाय भट्टीची. ठान्याला जाऊन किती दिस मोडायचे?"

"पण बोट—"

"तूच शिवलास ना? का बराबर नाय शिवलास?"

साधं विचारलं त्याने. टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी ‘नाही शिवलं’ म्हटलं असतं, माझं चुकलं म्हटलं असतं, तर तो गाडी सोडून यमूला घेऊन आला असता. मला तेव्हाच दिसलं ते. चूक कुणाची हे कळल्याशिवाय कोण कामधंदा सोडून ठाण्याला जाईल?

मी म्हटलं, "बरोबर शिवलं."

"मंग झाला तर," म्हणून त्याने गाठ मारली.

यमू खाली मान घालून भांडी घासत राहिली. तिला वाटलं असणार, आता बायसुद्धा म्हणतेय की दोष माझाच.

३० ऑक्टोबर, गुरुवार

गाडी गेली. मी दवाखान्यात होते. आई म्हणाली, यमूने जाताना हात केला, रंजनाला सांग म्हणाली.

३ नोव्हेंबर, सोमवार

मुलाखत. तिघे होते. मधल्या मॅडम बोलत होत्या, केस पांढरे, आवाज मऊ. सुरुवात इंग्रजीत झाली, मी अडखळायला लागले तशा त्या सरळ मराठीत आल्या.

आमचं गाव टोकावडे कुठे, माळशेजच्या रस्त्यावर अपघात किती येतात, साप किती, सगळं नीट झालं. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा."

सगळे पाठ करून येतात, हेतलने मलाही पाठ करून घेतलं होतं. एकदा सलाइन उशिरा बदललं वगैरे. माझ्या तोंडून यमू बाहेर आली. विळा, नियम मोडला ते, केस हवी होती ते, अर्धं तपासलं ते, सगळं. माझा आवाज फाटत होता. तिघेही लिहायचे थांबले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला नीट श्वास आला.

मग मॅडमनी विचारलं, "पेशंटचं पुढे काय झालं?"

आणि मी म्हणाले, "कळल्याबरोबर मी तिला खरं सांगितलं आणि ठाण्याला पाठवलं. दोरी जोडली. आता बोट वाकतं."

असं धडधडीत! डोळ्यात पाणी होतं माझ्या, ते खरं होतं, आणि त्याच डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत मी हे बोलले. मॅडमनी मान हलवली. "असं सांगायला धैर्य लागतं," म्हणाल्या.



७ नोव्हेंबर, शुक्रवार

काही नाही. ताप, सर्दी, एक विंचू.

११ नोव्हेंबर, मंगळवार

निवड झाली.

डॉक्टरांनी पेढे मागवले आणि प्रत्येक पेशंटला स्वतः दिले. एका आजोबांना डायबेटिस आहे हे विसरून त्यांनाही. "आमची रंजना आता मोठी होणार!" आईने शेजारपाजारी सांगितलं, माझी पोरगी डॉक्टरच्या खालोखाल. कंपाउंडर हा शब्द गेला एकदाचा.

मी पेढा खाल्ला. गोड लागला, हेही लिहून ठेवते. वाटलं होतं, लागणार नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हेतलचा फोन. खिदळत होती. "अगं, तू यायच्या आधीच फेमस झालीस! मॅडमनी आज वर्गात तुझं उदाहरण दिलं. नाव नाही घेतलं, पण मुरबाडची मुलगी म्हणाल्या. चूक झाली तर पेशंटला वेळेत सांगायचं, त्यामुळे त्या बाईचं बोट वाचलं, असं शिकवलं. आम्ही सगळ्यांनी लिहून घेतलं!"

लिहून घेतलं. चाळीस पोरांनी लिहून घेतलं की यमूचं बोट वाकतं.

 

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडमना फोन केला. नंबर पत्रावर होता. पेशंटला मी काही सांगितलं नाही, कुठे पाठवलं नाही, ती भट्टीवर आहे, बोट वाकत नाही, असं एका दमात सांगून टाकलं. प्रवेश गेला तर गेला, असं म्हणायची तयारी होती. पण खोटं कशाला, तयारी नव्हती. बोलताना मनात चाललंच होतं की याही वेळी म्हणतील, धैर्य लागतं.

तसं काही म्हणाल्या नाहीत.  आवाज तसाच मऊ:

"हे तुम्ही आधी मला का सांगताय? ती बाई तिथे आहे ना?"

आणि फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांना सांगितलं. ते चिडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला, परत घातला. "मी त्या दिवशी मागून बघून गेलो," एवढंच म्हणाले. मग ठाण्याच्या एका सर्जनना फोन लावला. आता सरळ जोडता येणार नाही, दुसरीकडची दोरी काढून घालावी लागेल, दोन ऑपरेशनं, मग कितीतरी महिने व्यायाम, आणि तरी पूर्वीसारखं होईलच असं नाही. "तिला हेसुद्धा सांग," म्हणाले. "चांगलं होईल एवढंच सांगून येऊ नकोस."

पत्र परत घेणार का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सरळगावहून शहापूरच्या एसटीने भट्टीवर गेले. यमू कच्च्या विटा पलटत होती, उजव्या हाताने. मी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. नियम मोडला ते, तपासलं नाही ते, दिवाळीला गप्प बसले ते. मग ठाण्याचं, डॉक्टर म्हणाले तसंच, होईलच असं नाही हेही.

तिने ठाण्याचं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "म्हंजे पान्यानी नाय?"

"पाण्याने नाही. माझ्यामुळे."

"पट्टी भिजली म्हनून नाय?"

"नाही गं."

मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या देईल. तिने पदराला हात पुसले आणि वळून कोंडूला हाक मारली. तो चिखलातून पाय काढत आला. ती मला म्हणाली, "आता परत बोल. सगला. याच्या समोर. दिवालीपासून बोलला नाय हा माझ्याशी."

मी परत बोलले. पहिल्यापासून. कोंडू जमिनीकडे बघत ऐकत होता. संपल्यावर त्याने मान वर केली, माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

"जेवलीस का?" म्हणाला.

ती म्हणाली, "नाय अजून."

दोघं झोपडीकडे गेली. मी विटांच्या ओळीत उभीच होते.